हीटर चालू ठेवलेली दुपार

माझी शेवटची पोस्टिंग दक्षिण इंग्लंडमधल्या एका गॅरिसनमध्ये होती. मी गाड्यांचा फिटर, हुद्दा सार्जंट. फौज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंदूक येते. माझ्या हातात वीस वर्षं पानाच होता. इथे ब्रॅकनेलला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही लढाई पाहिलीत का हो?" मी म्हणतो, पाहिली, पण बहुतेक गाडीखाली झोपून. लोक हसतात आणि मला बटाटेवडा आणून देतात. आज सांगतोय ती हकीकत लढाईची नाही. ती इथल्याच एका माळावरची आहे, आणि तिच्यात हसण्यासारखं फार थोडं आहे.

मी बारा वर्षांचा असताना आमचं बिऱ्हाड सांगलीहून लेस्टरला आलं. पुढे फौजेत गेलो आणि मराठी बोलणं सुटलं. रविवारी आईला फोन, एवढंच मराठी उरलं. शेवटच्या पोस्टिंगला मात्र माझ्याच सेक्शनमध्ये एक मराठी मुलगा निघाला. लान्स कॉर्पोरल केदार शेवडे, वय सत्तावीस, ड्रायव्हर आणि फिटर. जन्म लेस्टरचा. वडील लहानपणीच गेलेले. आई बेलग्रेव्ह रोडवरच्या साड्यांच्या दुकानात कामाला. परेडवर मी त्याचा सार्जंट. गाडीत दोघंच असलो की त्याचा दादा.

त्याचं मराठी घरात ऐकून आलेलं होतं. गाडी गरम झाला, ब्रेक तुटली, असं बिनधास्त बोलायचा. मी सुधारलं की म्हणायचा, "दादा, इंजिनला कुठे ग्रामर कळते?" काम मात्र चोख. त्यानं आवळलेला बोल्ट मला कधी पुन्हा तपासावा लागला नाही. सणवारही तो न चुकता पाळायचा, आईनं शिकवले तसे. आमच्या बॅरॅकच्या खिडकीत त्याचा छोटा गणपती होता, आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी त्याच्या शेजारची धूळसुद्धा पुसलेली असायची. कंपनी सार्जंट मेजर एकदा म्हणाले होते की या खोलीत शिस्तीत असलेला तो गणपती एकटाच आहे.

त्या वर्षी जूनअखेरीस सगळ्या देशात उन्हाचा कहर झाला. ट्रेनचे रूळ तापले, कौन्सिलनं पार्कमधली कारंजी मुलांसाठी उघडली. आमची एक्सरसाइज, म्हणजे युद्धाचा सराव, आधीच सुरू झालेली होती. माळरान मैलोन्‌मैल पसरलेलं, झाड औषधालाही नाही, आणि पायाखाली खडूची पांढरी माती. ती ऊन खालूनही अंगावर फेकते. वरून हुकूम आला : हेल्मेट काढा, बाह्या वर करा, दर तासाला पाणी. फौजेत पाणीसुद्धा हुकमानं पितात. सेक्शनचा प्रमुख "ड्रिंक" म्हणतो, सगळे एकदम बाटली तोंडाला लावतात, आणि प्रमुखानं बघायचं. आमच्या सेक्शनचा प्रमुख मी. मी बघितलं. केदारची बाटली बाकीच्यांसारखीच वर गेली होती.

दुपारी एक ट्रक बंद पडल्याचा निरोप आला. आमच्या फिटर्सच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो : मी, केदार आणि क्राफ्ट्समन ह्यूज. ह्यूज ही वेल्सची मुलगी, फिटर म्हणून नवीन, पण मनगट माझ्यापेक्षा घट्ट. ट्रकचं काम झालं. त्या ट्रकच्या पोरांचं पाणी संपत आलं होतं, म्हणून आमच्या दोन जेरीकॅनपैकी एक त्यांना ठेवून आम्ही परत फिरलो. अर्ध्या वाटेत, एका खोलगट घळीत, केदारनं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

"दादा, गेज बघा. गरम झाला."

काटा लाल पट्ट्याच्या टोकाला होता. मी गाडी बाजूला घ्यायला लावली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडून थांबलो. तापलेल्या इंजिनची कॅप लगेच उघडायची नसते. घाई करणाऱ्यांचे भाजलेले हात मी पाहिलेत, आणि त्यातले दोघं ऑफिसर होते.

इंजिन का तापलं, हे ओळखायला क्रमानं जावं लागतं. आधी फॅनचा पट्टा : शाबूत. रेडिएटरचं तोंड : गवताचं बी आणि धूळ बसलेली, ब्रशनं झाडली, पण एवढ्यानं काटा लाल होत नाही. गळती : नाही. ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल दुधाळ झालं असतं तर हेड गॅस्केट गेलं म्हणून कपाळाला हात लावला असता. तेही स्वच्छ. मग दोन्ही होजना हात लावला. वरचा चटका देत होता, खालचा जवळजवळ गार. म्हणजे इंजिनमधलं पाणी इंजिनमध्येच उकळत होतं, रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हतं. मधली झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, बंद अवस्थेतच अडकलेली. अशा वेळी माळावर एकच इलाज असतो. थर्मोस्टॅट काढून टाकायचा, तो बसतो ते घर पुन्हा बंद करायचं आणि तसंच हळूहळू न्यायचं.

निदान जमलं की मला नेहमी बरं वाटतं. त्या दिवशीही वाटलं, हे आज लिहिताना जीभ चावतो.

घळीत रेडिओ लागत नव्हता. केदार म्हणाला, मी वर जाऊन झिरोला सांगून येतो. झिरो म्हणजे आमचं कंट्रोल. मी ह्यूजला पाठवायला निघालो होतो, पण तो म्हणाला, तिला थर्मोस्टॅट काढायला शिकू दे, तिची पहिलीच वेळ आहे. जड रेडिओ पाठीवर टाकून तो टेकाड चढला. खाली आला आणि म्हणाला, झिरो उत्तर शोधतंय, थांबायला सांगितलंय. थोड्या वेळानं ते उत्तर घ्यायला पुन्हा चढला. आम्ही दोघं इंजिनमध्ये डोकं घालून होतो. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, मी खाली ट्रेमध्ये धरलं. थर्मोस्टॅट निघाला. गॅस्केट फाटलं होतं, म्हणून रेशनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नवं बनवलं. ह्यूज हे सगळं डोळे मोठे करून बघत होती.

दुसऱ्यांदा केदार खाली आला तेव्हा तो सरळ चालत नव्हता. त्यानं रेडिओ जमिनीवर ठेवला आणि ह्यूजपुढे जाऊन उभा राहिला.

"आई, दुकान बंद केलंस का?"

ह्यूज हसून माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, मराठीत काही थट्टा चालली आहे. मला कळलं, ही थट्टा नव्हे. मी त्याच्या कपाळाला हात लावला. तो हात नुकताच इंजिनवरून काढलेला होता, तरी मला चटका जाणवला.

त्याला गाडीच्या सावलीत आडवा केला. शर्ट आणि बूट काढले. ह्यूजला रेडिओ दिला आणि सांगितलं, वर पळ, नो डफ दे. सरावात जखमीसुद्धा खोटे असतात. खरा माणूस खरोखर संकटात असला की "नो डफ" म्हणायचं, म्हणजे सगळे नाटक थांबवतात. ती धावत सुटली.

मी त्याच्या पट्ट्याच्या बाटल्या काढल्या. दोन्ही काठोकाठ भरलेल्या होत्या. एकीचं बूच उघडून त्याच्या तोंडाला लावलं. त्यानं मान फिरवली.

"पी केदार."

"चंद्र नाही आला अजून."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी संकष्टी होती. त्याच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि तिच्यासाठी त्यानं संकष्ट्या धरल्या होत्या. हे त्यानं मला पूर्वी सांगितलं होतं. मी आपला साबुदाण्याची खिचडी समजत होतो. त्याच्या घरी संकष्टी निर्जळी करत. आई चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे, म्हणून तोही घेत नसे. सांगलीत चंद्र रात्रीच्या जेवणाच्या वेळेला येतो. इथे जूनमध्ये तो मध्यरात्रीकडे झुकतो. आणि सकाळपासून माझ्या प्रत्येक "ड्रिंक"ला या पोरानं बाटली ओठाला टेकवून तशीच खाली ठेवली होती.

मी त्याची मान हातावर घेतली आणि वर दाखवलं.

"आला बघ. चंद्र आला. आता पी."

त्यानं डोळे किलकिले करून त्या उन्हाकडे पाहिलं. हात जोडले. मग प्यायला.

ह्यूज खाली आली ती झिरोचं उत्तर घेऊनच. हेलिकॉप्टर दुसऱ्या नो डफसाठी गेलेलं होतं. ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण तिला घळीतल्या चाकोऱ्यांतून येता येणार नव्हतं. डांबरी रस्त्याच्या क्रॉसिंगवर भेटा, अंतर अडीच मैल, आणि माणसाला गार करत राहा.

आता पाण्याचा प्रश्न होता. एकच जेरीकॅन, आणि गाडीला पाणी हवं तसं केदारलाही. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. जेरीकॅन आणि उरलेल्या बाटल्या मी ह्यूजकडे दिल्या, सगळं त्याच्या अंगावर ओत म्हटलं. थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट आवळले, ट्रेमध्ये धरलेलं कूलंट पुन्हा इंजिनमध्ये ओतलं. उकळताना बाहेर गेलेलं दोन-तीन लिटर कमीच राहिलं. मागच्या भागातले जॅक, साखळ्या, स्पेअर चाक खाली फेकलं आणि दोन टूल रॅकच्या मधल्या जागेत केदारला ठेवलं. ह्यूज त्याच्या डोक्याशी बसली. मागचं दार दोरीनं उघडं बांधलं आणि मी स्टार्टर मारला.

दोन फर्लांग जेमतेम गेलो असू, काटा पुन्हा चढायला लागला. पाणी कमी, चढ आणि मऊ माती. इंजिनचा दोष नव्हता. अशा वेळी ड्रायव्हरच्या हातात एकच गोष्ट उरते. हीटर. हीटर पूर्ण उघडला की तो इंजिनमधली उष्णता ओढून घेतो आणि गाडीत सोडतो. छोटा रेडिएटरच तो. कुठल्याही मोटारीला हे लागू आहे. मोटरवेवर तुमचा काटा वर गेला तर तुम्हीही हेच कराल, खिडक्या उघडाल आणि घाम पुसत घरी पोचाल.

माझ्या गाडीत मागे उष्माघाताचा माणूस होता.

मी खुंटी फिरवली. पुढे बसलेल्या माझ्या पायांवर आग आली आणि सीटमागच्या मोकळ्या चौकटीतून ती मागे जायला लागली. मी माझा शर्ट काढून त्या चौकटीत कोंबला. पुरला नाही.

"सार्जंट, टर्न इट ऑफ, प्लीज. इथे ओव्हन झालाय." ह्यूजचा आवाज रडवेला होता.

मी बंद केला. काटा लाल पट्ट्यात गेला, इंजिन घरघरायला लागलं. इंजिन धरलं, म्हणजे पिस्टन आत चिकटले, तर आम्ही तिथेच, आणि पुढचे दीड मैल त्याला खांद्यावर नेणं आलं. मी पुन्हा चालू केला. काटा थोडा उतरला. पुन्हा बंद केला. असं किती वेळा केलं ते मला सांगता येणार नाही. दर वेळी हात खुंटीवर गेला की मी मनात म्हणत होतो, थोडं थांब रे पोरा, थोडं थांब. शेवटचा चढ मी हीटर चालू ठेवूनच चढलो. मागे ह्यूज नकाशाच्या फळीनं त्याला वारा घालत होती, त्या फळीचा फटफट आवाज तेवढा येत होता.

क्रॉसिंगवर ॲम्ब्युलन्स उभी होती. त्यांनी त्याला बर्फाच्या पिशव्यांत ठेवलं, सुई लावली. हेलिकॉप्टर मोकळं झालं होतं, ते तिथेच उतरलं. मी उघडाबंब रस्त्यावर उभा होतो. एका मेडिकनं मला पाणी दिलं आणि बसायला लावलं. केदार दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये वारला. त्याचे अवयव एकेक करून बंद पडले, असं मला सांगितलं. आई पोचली होती, एवढं एक बरं झालं.

गाडी वाचली. नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट, की ती आठवड्याभरात पुन्हा रस्त्यावर. मी तिला हात लावला नाही. दुसऱ्या फिटरनं काम केलं आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, इंजिन मस्त वाचवलंस. त्याचा हेतू चांगला होता. मी वर्कशॉपच्या मागे जाऊन रडलो.

चौकशी झाली. मी सगळं सांगितलं : भरलेल्या बाटल्या, उपास, हीटर. लपवण्यासारखं काही नव्हतं आणि लपवायचंही नव्हतं. तिथल्या डॉक्टर बाईंना मी सरळ विचारलं, हीटर लावला नसता तर? त्या म्हणाल्या, टेकाडावरून तो खाली आला तेव्हाच शरीर फार पुढे गेलं होतं. गाडी बंद पडली असती तर ॲम्ब्युलन्सपर्यंतही पोचला नसता. मी त्यांचे आभार मानले. विश्वास ठेवला का, ते विचारू नका. एखाद्या दिवशी ठेवतो. त्यानंतर आमच्या रेजिमेंटमध्ये सरावाआधी विचारायला लागले, आज कुणाचा उपास आहे का, रोजा आहे का. साधा प्रश्न होता. केदारला तो कुणी विचारला असता तर तो खोटं बोलला नसता, एवढा मी त्याला ओळखत होतो.

नोव्हेंबरमध्ये रिमेम्ब्रन्स संडेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, मी मेडल लावून गावच्या स्मारकापुढे उभा राहतो. दोन मिनिटं सगळे गप्प असतात. शेजारचे म्हातारे आपापल्या लढाया आठवत असतील. मला खडूची पांढरी माती दिसते, आणि सत्तावीस वर्षांचा एक मुलगा पाठीवर रेडिओ टाकून टेकाड चढताना दिसतो, दुसऱ्यांदा, स्वतःहून.

चौकशी संपल्यावर मी लेस्टरला त्याच्या आईला भेटायला गेलो होतो. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं छोटं घर. त्यांनी चहा केला, मला नको म्हणता आलं नाही. त्यांचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं होतं आणि व्यवस्थित झालं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज एवढा लहान झाला की मला खाली बघावं लागलं. चौकशीचा रिपोर्ट त्यांच्या भाचीनं वाचून दाखवला होता, तरी त्यांना एक गोष्ट माझ्या तोंडून ऐकायची होती.

"तो उपाशीच गेला का हो? पाण्यावाचून?"

"नाही काकू. उपास सोडला त्यानं. चंद्र दाखवला मी, मग प्यायला."

दुपारची वेळ त्यांनी रिपोर्टमध्ये ऐकली होती.

"भर उन्हात?"

"हो."

"त्याला दिसला?"

"दिसला. हात जोडले त्यानं."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "बरं केलंत. पाणी पोटात गेलं पोराच्या."

मी हो म्हटलं. ते पाणी दोन मिनिटांत उलटून माझ्या हातावर पडलं होतं. ह्यूज तेव्हा टेकाडावर होती आणि चौकशीत ते कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट केदारला आणि मलाच ठाऊक होती. काकू मागच्या हिवाळ्यात गेल्या, म्हणून आज लिहिली.